छोटा लंबू

नववीच्या सुरुवातीला मेडिकल झाली तेव्हा माझी उंची १८३ सेंटिमीटर भरली. आता दहावीत ती १८८ आहे. हाउसमध्ये मला नावानं हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. बिहारचा असो, केरळचा असो की मणिपूरचा, सगळ्यांसाठी मी 'लंबू'. मराठी बोलणारे आम्ही इथे मोजून अकरा जण. ते 'लंब्या' म्हणतात, म्हणजे घरच्या भाषेतही सुटका नाही.

पण हा लेख माझ्यापेक्षा छोट्या लंबूबद्दल आहे. छोटा लंबू ७ फूट १ इंच उंच होता. स्क्रीनवर त्याचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण माझ्या शेजारच्या पलंगावरच्या मित्रानं पहिल्याच रविवारी त्याचं बारसं केलं आणि तेच नाव चिकटलं. माझ्यापेक्षा जवळजवळ फूटभर उंच असूनही तो छोटा, कारण तो माझ्या संघात होता आणि मी सांगेन तेच करायचा.

'बझरबीटर' नावाचा एक ऑनलाइन खेळ आहे. २००७ सालापासून चालू आहे. त्यात बॉल आपण फेकत नाही. आपण बास्केटबॉल संघाचे मॅनेजर असतो. खेळाडू घ्यायचे, विकायचे, कोण कुठल्या जागी उतरणार ते ठरवायचं, आक्रमण आणि बचावाची पद्धत निवडायची, पैशांचा हिशेब ठेवायचा. सामना आपोआप होतो आणि आपण नंतर त्याचा तक्ता वाचायचा. आमच्या संगणक कक्षाच्या सरांनी याला परवानगी दिली, कारण त्यात कुठे गोळीबार नाही, नुसते आकडे. एकदा मागे उभं राहून त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "यह तो अकाउंटन्सी है।"

वसतिगृहातल्या मुलांना हा खेळ सोयीचा पडतो. मोबाइल आम्हाला मिळत नाही. रविवारी दुपारी पाऊण तास संगणक कक्ष उघडतो, तेवढाच. बहुतेक ऑनलाइन खेळांत एक दिवस गेला नाहीत की तुम्ही मागे पडलात. हा मात्र आठवड्याच्या चालीनं चालतो. आठवड्यात लीगचे दोन सामने आणि एक सरावाचा. शुक्रवारी प्रशिक्षणाचा निकाल. चौदा आठवड्यांचा एक हंगाम. रविवारी सगळं लावून ठेवायचं आणि पुढचे सहा दिवस पीटी, परेड, प्रेप यांत विचार करत बसायचं की लावलं ते बरोबर की चूक. रात्री लाइट्स आउटनंतर आमच्या डॉर्ममध्ये ज्या कुजबुजी चालतात, त्यांतल्या निम्म्या याच विषयावर असायच्या. (हाउस मास्टर सर, आता नाही चालत.)

आता प्रशिक्षणाचा नियम नीट सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. प्रत्येक खेळाडूकडे बारा गुण असतात. लांबून नेम, ड्रिबल, पास, बाहेरचा बचाव हे गार्डचे. बोर्डखालचा नेम, बोर्डखालचा बचाव, रिबाउंड, ब्लॉक हे उंच खेळाडूंचे. दमसास आणि फ्री थ्रो वेगळे. प्रत्येक गुणाच्या वीस पायऱ्या, आणि पायऱ्यांना आकडे नाहीत, शब्द आहेत. सगळ्यात खाली 'अॅट्रोशस', म्हणजे भयंकर वाईट, आणि सगळ्यात वर 'लेजंडरी'. आठवड्यात एकच गुण शिकवायला निवडता येतो. पण तो शिकायला खेळाडूनं त्या आठवड्यात प्रत्यक्ष सामन्यात, त्या गुणाच्या जागी खेळावं लागतं. पूर्ण फायदा हवा तर ४८ मिनिटं, म्हणजे एनबीएमधला एक अख्खा सामना. आमचे शाळेचे सामने ४० मिनिटांचे असतात. रिबाउंड शिकवायचा तर खेळाडू बोर्डखाली हवा. पास शिकवायचा तर तो पॉइंट गार्डच्या जागी हवा, मग तो सात फुटी का असेना आणि संघाचं काय व्हायचं ते होवो.

उंच खेळाडू बोर्डखालचे गुण भराभर शिकतो आणि गार्डचे गुण रखडत. वय कमी तेवढं शिकणं जलद. छोटा लंबू मला मिळाला तेव्हा अठरा वर्षांचा होता. बोर्डखाली बरा, रिबाउंड चांगला. ड्रिबल अॅट्रोशस. पास त्याच्यावर एक पायरी.

मी काय केलं ते कोणीही ओळखेल. त्याला सेंटरच्या जागी उभा केला आणि शिकवायला घेतला बोर्डखालचा नेम. पुढे बोर्डखालचा बचाव. पुढे रिबाउंड. मग पुन्हा नेम.

शुक्रवारी गुण एक पायरी चढला की त्याला 'पॉप' म्हणतात. सुरुवातीच्या महिन्यांत रविवारी पान उघडलं की बहुतेक वेळा पॉप झालेला असायचाच. मला खरं सांगायचं तर त्या वर्षी दुसरं काहीच तसं वर चढत नव्हतं. गणितात मी पहिल्या सत्रात ३१ वर होतो, दुसऱ्या सत्रात ३४ वर. क्रॉस कंट्रीत शेवटच्या दहांत. बास्केटबॉलच्या शाळेच्या संघात होतो, पण तिथेही माझं काम एकच होतं. हात वर करून बोर्डखाली उभं राहायचं, बॉल आला की धरायचा आणि जवळच्या बुटक्या मुलाला देऊन टाकायचा. ड्रिबल करायचा नाही. एका सीनियरनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बॉल ज़मीन पे मत मारना, बस।" मी दोन वर्षं ते पाळलं.

शेजारच्या पलंगावरच्या मित्राचाही संघ होता. तो मणिपूरचा, साडेपाच फूट, अंगानं काटकुळा आणि डोक्यानं फार शांत. त्यालाही एक अठरा वर्षांचा उंच खेळाडू मिळाला होता, आणि तो त्याला दर आठवड्याला पॉइंट गार्डच्या जागी उतरवत होता. निकाल काय लागणार? बॉल सुटायचा, पास चुकायचे, संघ वीस-वीस पॉइंटांनी हरायचा. एका हंगामात तो तळाला गेला. मी त्याला म्हणालो, अरे, उंटाला सुईत दोरा ओवायला लावतोस का? त्याच्याकडे पॉप महिनोन्महिने व्हायचा नाही. त्यानं एवढंच उत्तर दिलं की आतलं नंतर पटकन येतं, बाहेरचं आत्ता नाही आलं तर कधीच यायचं नाही. मी हसलो. माझा संघ तेव्हा दुसरा होता.

दोन हंगाम मी दुसराच राहिलो. पुढच्या हंगामात छोटा लंबू लीगमधला सगळ्यात जास्त रिबाउंड घेणारा खेळाडू झाला. त्या रविवारी मी मेसमधून जास्तीचा गुलाबजाम आणून हाउसमध्ये वाटला. एकच होता, त्याचे सात तुकडे केले.

मग दोन गोष्टी एकदम झाल्या.

एक म्हणजे पगार. या खेळात खेळाडूचा पगार त्याच्या गुणांवरून नव्या हंगामाच्या सुरुवातीला ठरतो, आणि बोर्डखालचे तीन गुण फार वर गेले की तो सुसाट वाढतो. तो खेळाडू पास देऊ शकतो की नाही हे त्या वाढीत फारसं बघितलं जात नाही. नव्या हंगामाच्या पहिल्या रविवारी पान उघडलं तर एकटा छोटा लंबू जवळजवळ अर्ध्या संघाइतका पगार घेत होता. तिकिटांचे पैसे आठवड्याला पुरेनात.

दुसरी म्हणजे बाकीच्यांना कळलं. आमचं सगळं आक्रमण बोर्डखाली चालतं हे तक्ता वाचणाऱ्या कुणालाही दिसत होतं. समोरचे संघ २-३ झोन लावायला लागले. म्हणजे दोन खेळाडू पुढे आणि तीन बोर्डखाली. बॉल आत गेला की तिघांच्या गर्दीत. तिथून बाहेर मोकळ्या माणसाला पास द्यायचा, एवढं एकच काम उरतं, आणि नेमकं तेच त्याला मी शिकवलं नव्हतं. तक्त्यात त्याच्या नावापुढे टर्नओव्हरचा आकडा दर सामन्याला फुगत गेला. रिबाउंड तो अजूनही सगळ्यांत जास्त घेत होता. घेत होता आणि घालवत होता.

बास्केटबॉलमध्ये हे काही नवीन नाही, हे मला सुट्टीत वाचताना कळलं. शॅकिल ओनीलला बोर्डखाली अडवणं कुणाला जमायचं नाही, पण त्याचे फ्री थ्रो कारकिर्दीत ५२.७ टक्केच पडले. म्हणून समोरचे संघ त्याला मुद्दाम फाउल करून रेषेवर पाठवायचे. उलट विल्ट चेंबरलेन. त्याचे १९६२ मधले एका सामन्यातले १०० पॉइंट सगळ्यांना माहीत असतात. मला माहीत नव्हतं ते हे, की १९६७-६८ च्या हंगामात संपूर्ण एनबीएमध्ये सगळ्यात जास्त असिस्ट त्याच्या होत्या. ७ फूट १ इंच उंचीच्या सेंटरच्या. छोट्या लंबूइतकीच उंची! आणि आताचा निकोला योकिच तर २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ वा निवडला गेला होता. धावायला मंद, उडीला कमी. पण सेंटरच्या जागेवरून तो सगळ्या संघाला बॉल वाटतो, आणि २०२३ मध्ये डेन्व्हरला त्यानं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. मी हे मित्राला पत्रासारखं वहीत लिहून नेलं. त्यानं वाचलं आणि म्हणाला, मला योकिचचं माहीत होतं.

मग मी छोट्या लंबूला पॉइंट गार्ड करून बघितला. बावीस वर्षांचा झाला होता तो. सहा आठवडे गेले, चार सामने हरलो, पास एकच पायरी चढला. पैसे लाल आकड्यात गेले. मी त्याला बाजारात विकायला ठेवला. तीन दिवसांचा लिलाव असतो. एकानंही बोली लावली नाही. किंमत कमी करून पुन्हा ठेवला. पुन्हा नाही. एवढा पगार देऊन एकच काम येणारा माणूस कोण घेईल? मीही घेतला नसता.

खेळाडूला काढून टाकायचं एक बटण असतं. ते दाबलं की खात्री आहे का असं विचारतात. त्या रविवारी माझ्या मागे सातवीची दोन पोरं रांगेत उभी होती आणि घड्याळात तीन मिनिटं उरली होती. मी दाबलं.

आकडेच होते ते, मला माहीत आहे. तरी संध्याकाळच्या रोल कॉलला माझा नंबर आला तेव्हा मी 'येस सर' म्हणायला चुकलो. त्याचा काय दोष होता? त्याला जे दिलं ते त्यानं शेवटपर्यंत केलं. दर शुक्रवारचा पॉप मला हवा होता. त्यासाठी हरायची माझी तयारी नव्हती.

आता उस्तादांबद्दल. आमच्या शाळेत पीटीच्या हवालदारांना उस्ताद म्हणतात, हे पालकांना माहीत असेलच. बास्केटबॉलचे उस्ताद दहावीच्या सुरुवातीला नवीन आले. पहिल्या आठवड्यात ते काही बोलले नाहीत, कडेला उभे राहून बघत होते. दुसऱ्या सोमवारी मला बोलावलं आणि म्हणाले, "लंबू, आज से बॉल तू लाएगा। लेफ्ट हँड से।"

मला वाटलं शिक्षा आहे. सहा वाजता सगळे लेअप करायचे तेव्हा मी कोर्टाच्या कडेनं डाव्या हातानं ड्रिबल करत वर-खाली. बॉल माझ्या बुटावर आपटून नाल्यात जायचा, मी आणायला धावायचो. उंच माणसाचा ड्रिबल उंच असतो, म्हणून कुणीही येऊन बॉल काढून घ्यावा. सहावीतलं एक पोरगं एकदा सहज काढून घेऊन गेलं आणि वर मला 'सॉरी सर' म्हणालं. ते सॉरी फार लागलं.

एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण जुलैमध्ये शेजारच्या शाळांशी तीन मैत्रीचे सामने होते, आणि त्यांत उस्तादांनी मला गार्डच्या जागी उतरवलं. बोर्डखाली आमच्या संघातला १७५ सेंटिमीटरचा मुलगा. पहिला सामना आम्ही ४१-२३ हरलो. दुसरा त्याहून वाईट. तिसऱ्यात मी पहिल्या क्वार्टरमध्येच पाच वेळा बॉल घालवला. प्रेक्षकांत आमच्याच हाउसची मुलं ओरडत होती की लंबूला आत पाठवा. मीही दोनदा उस्तादांकडे बघितलं. ते पाणी पीत होते.

त्या रविवारी पप्पांचा फोन आला. पप्पा मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार आहेत, तेव्हा ईशान्येकडे होते आणि रेंज येत-जात होती. मी सगळी तक्रार सांगितली. नवीन उस्तादांना खेळ कळत नाही, संघ हरतोय, मला जे येतं ते करू देत नाहीत. पप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आरं, सेक्शनमधी एलएमजी चालवतो एकच. पण यावी लागती सगळ्यांना."

मी म्हणालो, पप्पा, हा बास्केटबॉल आहे.

ते हसले. "बरं बरं. आईला फोन कर, तुझ्या जेवणाची काळजी करत बसलीया." आणि रेंज गेली.

त्याच रविवारी दुपारी मी छोट्या लंबूचं बटण दाबलं. आधी फोन आणि मग बटण, असा क्रम होता. मला मुद्दाम जुळवून सांगायचं नाही, पण तो तसाच होता. रात्री पलंगावर पडल्यावर डोक्यात आलं की उस्ताद माझ्यासाठी सामने हरतायत. तीन हरले. प्रिन्सिपल सरांच्या समोर हरले, आणि नोकरीत नवीन असून हरले. मी तर एका बनावट लीगमधला दुसरा नंबर सोडायला तयार नव्हतो. हे कळल्यावर ड्रिबल सोपा झाला असं मुळीच नाही. फक्त सकाळी नाल्यातून बॉल आणायला जाताना तोंड वाकडं करणं बंद झालं.

ऑक्टोबरमध्ये झोनल स्पर्धा होती. उपांत्य सामना. तोपर्यंत उस्तादांनी मला पुन्हा बोर्डखाली आणलं होतं, आणि मी खरंच सुटलो म्हणून खूश होतो. शेवटच्या क्वार्टरमध्ये साडेचार मिनिटं उरली असताना आमच्या पॉइंट गार्डचा पाचवा फाउल झाला. तो बाहेर. दुसऱ्या गार्डचा घोटा आदल्या दिवशी मुरगळला होता. उस्तादांनी बेंचकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बोट केलं.

बॉल आठ सेकंदांत अर्ध्या कोर्टाच्या पलीकडे न्यायचा असतो. टीव्हीवर आठ सेकंद खूप वाटतात. पहिल्या वेळी माझ्या अंगावर दोघं आले, मी घाबरून बॉल उचलला आणि अडकलो. बॉल गेला. दुसऱ्या वेळी पलीकडे नेला. तिसऱ्या वेळी डाव्या हातानं नेला, दोघं पुन्हा अंगावर आले, आणि त्यांच्या डोक्यांवरून मला कोपऱ्यात आमचा मुलगा मोकळा दिसला. हे मला आधी कधीच सुचलं नव्हतं. बोर्डखाली उभं असताना सगळे माझ्याकडे पाठ किंवा कोपर करून असतात. बाहेरून, १८८ सेंटिमीटरवरून, सगळं कोर्ट नकाशासारखं दिसतं. मी पास टाकला. त्यानं तीन पॉइंट केले.

सामना आम्ही दोन पॉइंटांनी हरलो. शेवटच्या मिनिटात माझाच एक बॉल बाहेर गेला होता. बसमध्ये उस्ताद माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी पिशवीतून दोन केळी काढली, एक मला दिलं आणि म्हणाले, "राइट से लेफ्ट में बदलते वक़्त नीचे देखता है। मत देख।" आणि झोपले.

माझ्या संघात आता एक नवीन मुलगा आहे. अठरा वर्षांचा, ६ फूट ११ इंच. ड्रिबल अॅट्रोशस. नाव अजून ठेवलेलं नाही. मित्र म्हणतो ठेव, मी म्हणतो थांब. त्याला मी पॉइंट गार्डच्या जागी उतरवतो. गेले नऊ आठवडे पॉप नाही. लीगमध्ये आम्ही शेवटून दुसरे आहोत, आणि मित्राचा संघ पहिला. या शनिवारी त्याच्याशीच सामना आहे. मी २-३ झोन लावून ठेवला आहे, पण त्याचा सेंटर पास देतो, त्यामुळे काही उपयोग होईल असं वाटत नाही.